भिंतीवरचे आजोबा: फोटो की चित्र?



आठवीच्या इतिहासात 'इतिहासाची साधने' हा धडा आहे. तो शिकवताना मी दरवर्षी मुलांना सांगते, घरातली सगळ्यात जुनी वस्तू शोधा आणि तिच्याबद्दल चार ओळी लिहून आणा. मग वर्गात येतात ती ठरलेली मंडळी: भोक असलेला पैसा, तांब्याचा तांब्या, पणजीची फणेरपेटी, बाबांच्या बाबांचं रेशनकार्ड. यंदा मुलुंड पूर्वेला राहणारी एक मुलगी झेरॉक्सच्या दुकानातून काढलेली एक रंगीत प्रिंट घेऊन आली. काळपट चौकटीत एक गृहस्थ. डोक्यावर पगडी, अंगात बंद गळ्याचा कोट, खांद्यावर उपरणं, छातीवर घड्याळाची साखळी. नजर थेट आपल्याकडे.

वर्ग एका सुरात म्हणाला, "बाई, जुना फोटो आहे."

मीही तसंच समजले होते. चित्रकलेचे सर सहज वर्गात डोकावले, त्यांनी प्रिंट हातात घेतली आणि म्हणाले, "अहो बाई, हा फोटो नाही. साखळी बघा." साखळीच्या कड्या नव्हत्याच. पिवळ्या रंगाचे बारीक ठिपके होते, एकापुढे एक ठेवलेले. लांबून साखळी, जवळून ठिपके. खालच्या कोपऱ्यात इंग्रजीत सहीसुद्धा होती, वाचता न येणारी.

मुलीने चार ओळींत लिहिलं होतं ते असं: आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे. तीन वर्षं भाड्याच्या घरात राहायचं आहे, तिथे भिंतीला खिळा ठोकायला मालक देत नाहीत. हा फोटो कोणाचा ते आई-बाबांना माहीत नाही. आई म्हणते कोणाला तरी देऊन टाकू.

या शेवटच्या ओळीमुळे हा लेख लिहायला घेतला. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी, कुठेही बघा, पन्नास-साठ वर्षांच्या सोसायट्या पाडल्या जातायत. सामान बांधताना माळ्यावरून अशा चौकटी खाली येतात आणि त्यांचं काय करायचं हे कोणालाच कळत नाही. भंगारवाला फ्रेमच्या लाकडाचे पैसे देतो, चित्राचे नाही. तेव्हा ही चित्रं मुळात आली कुठून, कोणी काढली, कोणी काढून घेतली, हे निदान आपल्याला माहीत असलेलं बरं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. स्वतःचं चित्र काढून घेणं हे फार काळ सामान्य माणसाचं काम नव्हतं. ते राजेरजवाड्यांचं. आपल्याकडचं जवळचं उदाहरण पुण्याचं. जेम्स वेल्स नावाचा एक स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईला आला, तिथून पुण्याला पेशव्यांच्या दरबारी गेला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं त्याने केलेलं तैलचित्र प्रसिद्ध आहे. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात एक छोटी चित्रशाळाही सुरू झाली होती, गंगाराम तांबट तिथलाच. (जाता जाता: हा वेल्स साष्टी बेटावरच्या लेण्यांच्या रेखाटनाचं काम करत असताना आजारी पडला आणि १७९५ साली वारला. साष्टी म्हणजे आपलीच उपनगरं.) पण वेल्ससमोर बसले ते पेशवे आणि कारभारी. शनिवारातला एखादा कारकून किंवा वैद्य त्याच्यासमोर बसला नाही, बसण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याच सुमाराला जगाच्या दुसऱ्या टोकाला मात्र वेगळं घडत होतं. अमेरिकेत राजदरबार नव्हता. जुने सरदार नव्हते. बॉस्टनसारख्या बंदरात पैसा होता तो व्यापाऱ्यांकडे, जहाजांच्या कप्तानांकडे, कारागिरांकडे. आणि या लोकांना आपली चित्रं हवी होती. १७६८ साली जॉन सिंगलटन कोपली या चित्रकाराने पॉल रिव्हिअर नावाच्या सोनार-चांदीकाराचं चित्र काढलं. ते आज बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. रिव्हिअर कोट न घालता, नुसत्या सदऱ्यावर बसलाय. एक हात हनुवटीला, दुसऱ्या हातात स्वतः घडवलेली चहाची किटली, समोर टेबलावर हत्यारं. म्हणजे माणूस सांगतोय, मी कोणाचा मुलगा ते सोडा, मी काय करतो ते बघा. मुलांना हे चित्र दाखवा, ती लगेच ओळखतात की याला आपल्या हातांचा अभिमान आहे.

कोपलीची तक्रार मात्र अशी होती की इथले लोक चित्रकाराला सुतार, शिंपी, चांभार यांच्या रांगेत बसवतात. मला वाटतं, त्याची तक्रार खरी असली तरी त्यातच मध्यमवर्गीय पोर्ट्रेटचं मर्म आहे. तो एक धंदा होता. ऑर्डर द्यायची, पैसे ठरवायचे, सिटिंग द्यायची, माल घरी न्यायचा.

आणि खेड्यापाड्यांत तर हा धंदा फिरता होता. घोड्यावर किंवा गाडीत रंग टाकून गावोगाव जाणारे चित्रकार होते. त्यातला एक ॲमी फिलिप्स (नाव बायकी वाटेल, पण तो पुरुष, जन्म १७८८, मृत्यू १८६५). त्याने पन्नासेक वर्षं शेतकरी, दुकानदार, डॉक्टर, त्यांच्या बायका आणि मुलं रंगवली. लाल झग्यातली एक मुलगी, मांडीवर पांढरी मांजर, पायाशी कुत्रा, असं त्याचं एक चित्र फार लोकप्रिय आहे. गंमत म्हणजे जवळजवळ तसाच लाल झगा घातलेली आणखी मुलंही त्याच्या चित्रांत आहेत. चेहरा बदलतो, झगा तोच. आणि हा माणूस चित्रांवर सहसा सही करत नसे. त्यामुळे मेल्यावर शंभरेक वर्षं त्याचं नाव पुसलं गेलं. अभ्यासकांना वाटत होतं की ही दोन वेगवेगळ्या अनामिक चित्रकारांची कामं आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर चिकाटीने शोध घेणाऱ्यांना कळलं की दोन्ही एकच, ॲमी फिलिप्स. घरोघरच्या भिंतींवर चित्रं टिकली होती म्हणून हा शोध लागू शकला, हे लक्षात घ्या.

अमेरिकेतल्या या फिरत्या चित्रकारांचा धंदा बसवला कॅमेऱ्याने. १८३९ साली फ्रान्समध्ये डागेरोटाइप जाहीर झाला आणि थोड्याच वर्षांत गावोगाव फोटो काढणारे फिरू लागले. काही मिनिटांत चेहरा मिळतोय, मग आठवडाभर खुर्चीत कोण बसणार?

आता मुंबईकडे या. इथे क्रम बघा कसा आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली १८५४ साली. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी हे सुरुवातीच्या हौशी छायाचित्रकारांपैकी. एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला १८५५ साली. आणि जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ साली.

म्हणजे मुंबईत कॅमेरा आधी आला आणि तैलरंगात हुबेहूब चेहरा काढायला शिकवणारी शाळा नंतर! अमेरिकेत चित्र आधी, फोटो नंतर. आपल्याकडे दोघं जवळजवळ जुळी भावंडं. माझ्या मते, आपल्या घरांतल्या जुन्या पोर्ट्रेट्सबद्दल हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. बाकीचं बरंच काही यातून उलगडतं.

अर्थात, जे. जे.च्या आधी कोणी पोर्ट्रेट काढून घेतलंच नाही असं नाही. चीनशी व्यापार करणारे मुंबईचे पारशी व्यापारी कॅन्टन बंदरात गेले की तिथल्या चिनी चित्रकारांकडून आपली चित्रं करून घेत. त्याच बंदरात अमेरिकेचे व्यापारीही चित्रं काढून घेत. एकाच गल्लीत बॉस्टनवाला आणि फोर्टमधला शेटजी पाठोपाठ खुर्चीत बसले असतील, अशी कल्पना करायला मला आवडतं. पण हे झाले मोठे व्यापारी. नोकरदार, वकील, डॉक्टर, मास्तर हा वर्ग भिंतीवर चढायला एकोणिसाव्या शतकाचा शेवट उजाडला.

तोवर जे. जे.मधून शिकलेल्यांची फळी तयार झाली होती. पेस्तनजी बोमनजी (जन्म १८५१) हे पहिल्या मोठ्या नावांपैकी. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या ग्रिफिथ्स यांच्या कामात ते होते, पण त्यांचा खरा जीव पारशी घरांतल्या माणसांत. पोपटाला दाणे भरवणारी मुलगी, असले साधे विषय. त्यांच्यानंतर एम. एफ. पिठावाला (१८७२–१९३७), तेही पारशी कुटुंबांच्या पोर्ट्रेट्ससाठी नावाजलेले. गोव्याच्या सांगे गावचे आंतोनियो शावियर त्रिंदाद (१८७०–१९३५), जे. जे.मध्ये शिकवायचे, अंधारातून चेहरा उजळवण्याच्या हातोटीमुळे लोक त्यांना पूर्वेचे रेम्ब्रां म्हणत. त्यांना १९२० साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं ते कोणा लाटसाहेबाच्या चित्राला नव्हे, स्वतःच्या पत्नीच्या पोर्ट्रेटला. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. कितीतरी ड्रॉइंग मास्तर तिथून बाहेर पडले.

आणि रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म १८६७, कोल्हापूरचा. १८९० साली जे. जे.मध्ये विद्यार्थी म्हणून आले ते तिथेच शिक्षक झाले आणि शेवटी संस्थेची सूत्रं सांभाळणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे'. त्यांचं घर खारला होतं, आजही खार पश्चिमेला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. तुम्ही कदाचित त्या रस्त्यावरून रिक्षाने गेला असाल. धुरंधर मुख्यतः प्रसंगचित्रांसाठी ओळखले जातात, लग्न, सण, बाजार, पोस्टकार्डांवरच्या मुंबईच्या बायका. पण त्यांची स्केचबुकं भरलेली असायची ती आपल्या आजूबाजूच्या माणसांनी. त्यांची मुलगी अंबिका (जन्म १९१२) हीसुद्धा जे. जे.मध्ये शिकून चित्रकार झाली. त्या काळात मुलीने तिथे शिकणं किती दुर्मीळ होतं ते मुलींना आवर्जून सांगा.

आता मोठा प्रश्न. या सगळ्यांच्या समोर बसायला वेळ आणि पैसा कोणाकडे होता? थोड्यांकडे. नामवंत चित्रकाराकडून जिवंतपणी, समोर बसून पोर्ट्रेट करून घेणं हे शेट, संस्थानिक, न्यायाधीश, फार तर मोठा वकील यांनाच परवडे. किंवा मग वर्गणी काढून वाचनालयात, टाउन हॉलमध्ये लावण्यासाठी. बाकीच्यांनी काय केलं? फोटो काढला. स्टुडिओत जाऊन, एकदाच, बऱ्याचदा आयुष्यात एकदाच. आणि माणूस गेल्यावर घरच्यांनी तो बोटभर फोटो पेंटरकडे नेला आणि म्हणाले, यावरून मोठं चित्र करून द्या.

म्हणून आपल्याकडची घरगुती पोर्ट्रेट्स बहुतेक वेळा गेलेल्या माणसाची आहेत. तो चित्रकाराने पाहिलेलाच नाही. रिव्हिअर कोपलीसमोर बसला, बोलला असेल, किटली फिरवली असेल. आपले आजोबा पेंटरसमोर बसले नाहीत. पेंटरसमोर होता तो फक्त एक पिवळा पडलेला फोटो, आणि शेजारी उभं राहून "रंग याहून उजळ होता हो" असं सांगणारी एखादी मुलगी किंवा सून.

काम कसं चालायचं ते चित्रकलेच्या सरांनी वर्गात करून दाखवलं. फोटोवर बारीक चौकोन आखायचे, कॅनव्हासवर तितकेच पण मोठे चौकोन, आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. आपणही लहानपणी देवांची चित्रं अशीच मोठी केली. दुसरी पद्धत म्हणजे फोटोचं ब्रोमाइड एन्लार्जमेंट काढायचं, म्हणजे मोठी काळी-पांढरी प्रत, आणि तिच्यावरच रंग चढवायचे. ही स्वस्त पडायची. त्यामुळे तुमच्या घरातली चौकट यातली नेमकी कोणती, हे ओळखायला शिकणं फार मजेचं आहे. जवळ जाऊन तिरकं बघा. कॅनव्हासच्या विणीचे बारीक उंचवटे दिसतात का? केसांत, मिशीत ब्रशचे फटकारे उठलेले दिसतात का? मग तैलचित्र. पृष्ठभाग कागदासारखा सपाट, रंग फिकट आणि पारदर्शक, आणि सावल्यांमध्ये खालचा करडा रंग डोकावतोय? मग बहुधा रंगवलेला फोटो.

आणि फोटोवरून काढलेल्या चित्रात काही खुणा हमखास सापडतात. चित्र छातीशी संपतं, कारण फोटो तिथेच संपत होता. हात नसतात, असले तर ओघळलेले, निर्जीव, कारण पेंटरने ते अंदाजाने काढलेत. शाल, उपरणं, कोट हे पेंटरच्या ठरलेल्या साठ्यातले. (फिलिप्सचा लाल झगा आठवा. कोपलीसुद्धा बायकांचे झगे आणि पोझ इंग्लंडहून आलेल्या छापील चित्रांवरून उचलायचा. तेव्हा आपल्या पेंटरांना उगाच नावं ठेवू नका.) सगळ्यात बोलकी खूण जोडप्यांच्या चित्रांत दिसते. माझ्या एका सहकारी बाईंच्या बोरिवलीच्या घरी पणजोबा-पणजी शेजारी शेजारी आहेत, आणि पणजी पणजोबांची आई वाटते. पणजोबा पस्तिशीत गेले, त्यांचा फोटो तेव्हाचा. पणजीचा पहिला फोटो निघाला तोच साठीनंतर.

इथे मी मुलांना थांबवते आणि विचारते, मधली पंचवीस-तीस वर्षं पणजीचा फोटो का नाही?

वर्गात शांतता होते. मग कोणीतरी म्हणतं, पैसे नसतील. कोणीतरी म्हणतं, तेव्हा कॅमेरे कमी होते. आणि हळूच एखादी मुलगी म्हणते, कोणाला काढावासा वाटला नसेल. विधवेला सजवून स्टुडिओत कोण नेणार होतं? इतिहासाची साधनं काय सांगतात एवढंच नाही, काय सांगत नाहीत हेही विचारायचं असतं, हे या एका चौकटीवरून मुलांना जितकं कळतं तितकं माझ्या चार तासांच्या बडबडीतून कळत नाही.

याउलट घरच्याच माणसाला समोर उभं करून काढलेलं चित्र कसं असतं, ते बघायचं असेल तर हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' दाखवा. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, इंटरनेटवर सहज मिळतं. हातात दिवा धरलेली साडीतली स्त्री, दिव्याच्या उजेडाने बोटं आतून लाल झालेली. जलरंगात, १९४५-४६च्या सुमाराचं. कित्येक जण ते राजा रविवर्म्याचं म्हणून फॉरवर्ड करतात, तुमच्याही ग्रुपवर आलं असेल. दिवा धरून उभी आहे ती हळदणकरांची मुलगी. सलग तीन तास उभं राहावं लागलं, असं तिने नंतर सांगितलं होतं. बोटांतून झिरपणारा तो उजेड त्या काळच्या कुठल्याच फोटोत पकडता आला नसता, त्यासाठी माणूस समोरच लागतो. मुलांना त्रिंदाद, धुरंधर, हळदणकर हे तिघं एका ओळीत ठेवून दाखवा: घरातल्या बायका-मुलींकडे त्यांनी नीट बघितलं, कारण त्या समोर होत्या. ऑर्डर देणाऱ्या घरांनी मात्र बहुतेकदा पुरुषाचंच चित्र मागितलं.

आणखी एक जोड सुचवते, कारण माझ्या वर्गात ती छान चालली. बॉस्टनजवळच्या वूस्टर गावच्या संग्रहालयात फ्रीक नावाच्या व्यापारी कुटुंबाची चित्रं आहेत, साधारण १६७१ ते १६७४ या काळातली. चित्रकाराचं नाव कोणालाच माहीत नाही. त्यातल्या एका चित्रात आई आणि मांडीवर तान्ही मुलगी आहे. क्ष-किरणांनी तपासल्यावर कळलं की आधी आई एकटीच होती. मुलगी जन्मल्यावर चित्रकाराला परत बोलावून तिला त्याच कॅनव्हासवर रंगवून घेतलं! हे ऐकल्यावर माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "आमच्या घरी पण गणपतीच्या ग्रुप फोटोत नंतर काकांना फोटोशॉपने टाकलंय." वर्ग हसला. पण मुद्दा त्याला बरोबर कळला होता. कुटुंब आपलं चित्र दुरुस्त करत असतं. कोणाला आत घ्यायचं ते ठरवत असतं.

मुलांना प्रत्यक्ष चित्रं दाखवायची तर काळा घोड्याला न्या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि समोरच सर कावसजी जहांगीर हॉलमधलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. मुलुंड-घाटकोपरवाल्यांना सीएसएमटी, बोरिवली-अंधेरीवाल्यांना चर्चगेट, दोन्हीकडून चालत जाता येतं. प्रदर्शनं बदलत असतात, त्यामुळे आधी फोन करून विचारा. २०१८ साली याच राष्ट्रीय संग्रहालयात धुरंधरांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. पण खरं सांगू? त्याआधी आपल्या जवळच्या जुन्या वाचनालयात, शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत, देवळाच्या सभामंडपात नजर टाका. तिथे देणगीदारांच्या, संस्थापकांच्या चौकटी असतात, आणि आपण रोज त्यांच्याखालून जातो. वर्गात मी पहिली तीन मिनिटं कोणालाच बोलू देत नाही, फक्त बघायचं. मग एकच प्रश्न: या माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी कोणती वस्तू मुद्दाम दाखवली आहे? पुस्तक, छत्री, साखळी, पदक, पगडीची घडण. रिव्हिअरच्या हातात किटली होती. यांच्या हातात काय आहे, आणि काय लपवलंय?

ज्यांच्याकडे सामान बांधणं चालू आहे त्या पालकांसाठी थोडं व्यवहाराचं. तैलचित्र ओल्या फडक्याने पुसू नका. बटाट्याने, तेलाने, साबणाने साफ करण्याचे घरगुती उपाय तर अजिबात नकोत. मऊ कोरड्या ब्रशने वरची धूळ हलकेच झटका, बस. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून पावसाळाभर माळ्यावर टाकलं तर आत दमटपणा साठतो आणि बुरशी येते. स्वच्छ सुती कापडात गुंडाळा, कापडाबाहेर पुठ्ठा, आणि उभं ठेवा. बाथरूमच्या किंवा बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका. कॅनव्हासच्या पाठीवर पेनने काही लिहू नका, शाई पुढे उमटते. नाव, नातं, गाव एका कागदावर पेन्सिलने लिहून तो मागच्या लाकडी चौकटीला अडकवा. आणि फ्रेम बदलायची असेल तर जुनी फ्रेम टाकण्याआधी मागची बाजू नीट बघा.

हे शेवटचं मी त्या मुलीच्या आईलाही सांगितलं होतं. त्यांनी मागचा पुठ्ठा सोडवला आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. आतल्या फळीवर पेन्सिलने मोडीत दोन ओळी होत्या. मला मोडी येत नाही. ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी वाचून दिलं: एक नाव, आणि शके १८४९. म्हणजे १९२७-२८.

नाव घरातल्या कोणाशीच जुळेना. आडनावच वेगळं. मग चिपळूणला असणाऱ्या आजीच्या बहिणीला फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं, ते आजोबा नव्हेत. ते तुझ्या पणजोबांचे मामा." पणजोबा पोरके झाले तेव्हा मामांनी त्यांना कोकणातून मुंबईला आणलं, गिरगावातल्या आपल्या खोलीत ठेवलं, मॅट्रिक होईपर्यंत शिकवलं. मामांना मूल नव्हतं. ते गेल्यावर पणजोबांनी पहिल्या पगारातून पैसे साठवून फोटोवरून हे चित्र करवून घेतलं आणि मरेपर्यंत प्रत्येक घरात बरोबर नेलं. गिरगाव, मग परळ, मग मुलुंड.

मुलीने या सगळ्याचा प्रकल्प केला. चित्राखाली लावायची पट्टी तिने स्वतःच्या अक्षरात लिहिली: मामांचं नाव, गाव, साल, चित्रकाराची सही वाचता येत नाही. मग तिने मला विचारलं, "बाई, खोलीत मामीपण असतील ना? जेवायला कोण घालायचं?" चिपळूणच्या आजींना परत फोन झाला. मामी होत्या. पणजोबांना त्यांनीच वाढवलं. फोटो नव्हता. नाव आजींना आठवत नाही, सगळे मामीच म्हणायचे.

पट्टीवर एक ओळ रिकामी सोडली आहे. भाड्याच्या घरात खिळा ठोकता येत नाही, म्हणून सध्या ते चित्र आमच्या शाळेत चित्रकलेच्या खोलीत, खिडकीपासून लांब, सरांच्या टेबलामागे टांगलं आहे.